मराठी छान बोलतो पण वाचायला बसला की रडतो, अशा मुलासाठी घरी काय करता येईल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यम, घरी सगळे मराठीच बोलता, इंग्रजी गोष्टी तो आपला आपण वाचतो पण मराठीचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीतच अडतो, जोडाक्षर आलं की डोळ्यात पाणी, तुम्ही रोज पाऊण तास घेऊन बसता आणि शेवट दोघांच्या भांडणात होतो. त्यात आजीनं पाठवलेलं पत्र त्याला वाचता आलं नाही, ते तुम्हाला जास्त लागलंय. मी २६ वर्षं प्राथमिकला शिकवलं, शेवटची दहाएक वर्षं तर फक्त वाचनात अडलेल्या मुलांबरोबरच काम केलं, आणि तुमच्या मुलासारखी मुलं मी खूप बघितली आहेत म्हणून जरा लांबलचक लिहिते, सवडीनं वाचा.

आधी एक सांगते, तुमच्याकडे अर्धी शिदोरी तयार आहे. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाची एक साधी मांडणी केली होती, की अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकार असल्यामुळे एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्यच येतं. तुमच्या मुलाला मराठी समजतं, भरपूर समजतं, आणि शब्द उलगडायची कला त्याला इंग्रजीत जमलेली आहे, म्हणजे डोकं तयार आहे, फक्त ही लिपी हातात आलेली नाहीये. जो मुलगा दोन्ही भाषांत अडतो त्याचं वेगळं असतं, ते शेवटी सांगते.

आता लिपी का येत नाही ते बघू. आपण मोठी माणसं म्हणतो मराठी सोपी आहे हो, जसं लिहिलं तसं वाचायचं. ते खरंय पण जरा मुलाच्या जागी बसून बघा. इंग्रजीत २६ अक्षरं, लहान-मोठी धरली तरी ५२. आपल्याकडे व्यंजनं ३४ आणि बाराखडी १२ ची म्हणजे झाली ४०८ रूपं, २००९ मध्ये शासनानं वर्णमाला ठरवून दिली त्यात ॲ आणि ऑ पण आले तेव्हापासून १४ चा हिशोब केला तर ४७६, आणि जोडाक्षरं अजून वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, २००७ मध्ये छापून आलाय, कन्नडची लिपी पण आपल्यासारखीच बाराखडीची, आणि त्यात दिसलं की अक्षरं पक्की व्हायला मुलांना पहिली-दुसरी पुरत नाही, चौथीपर्यंत ते काम चालू राहतं. आणि ती मुलं कन्नड शाळेत रोज तेच वाचणारी. तुमच्याला आठवड्यात मराठीचे तास मिळतात किती, तीन-चार? मग तिसरीत अडणं यात नवल काय.

पण ४०८ पाठ करायची नसतात हे लक्षात घ्या, इथेच बरेच पालक चुकतात, बाराखडी घोकून घेतात. पोरगं सुरात क का कि की म्हणतं आणि मधलंच ‘पे’ दाखवलं की गप्प. त्याला लागतात ती ३४ व्यंजनं आणि काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार वगैरे मिळून १३ खुणा. एकूण ४७ गोष्टी. या ४७ पक्क्या झाल्या की बाराखडीतलं बाकीचं सगळं त्यातूनच तयार होतं.

म्हणून पहिलं काम, एखाद्या निवांत सकाळी त्याला काय येतं ते तपासा, परीक्षा म्हणून नाही, खेळ म्हणून. ३४ व्यंजनं चिठ्ठ्यांवर लिहा, पिसून टाका आणि एकेक दाखवा. झटकन सांगितलं ते एका बाजूला, दोन सेकंद थांबला ते दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगात बघा, बहुतेक वेळा घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष अशा जोड्याच सापडतील, आणि ख, जो त्याला र आणि व दिसतो. मग काम छोटं झालं ना, सगळी मुळाक्षरं नव्यानं शिकवायची नाहीत, आठ-दहाच घ्यायची. सारखी दिसणारी दोन अक्षरं मात्र एकाच दिवशी शिकवू नका, घ आठवडाभर पक्का होऊ द्या मग ध आणा. आणि मोबाईलवर ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात, पुस्तकातले वेगळे, तर ही दोन्ही रूपं एकदा शेजारी लिहून दाखवा, मुलं त्यावर अडतात आणि आपल्याला कळतच नाही का अडली.

अक्षरं ओळखतो पण शब्द होत नाही, ही पुढची अडचण, आणि ही फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. ‘बदक’ घ्या. मूल ब, द, क असं प्रत्येक अक्षर पूर्ण अ लावून म्हणतं आणि मग जोडतं तेव्हा ऐकू येतं ‘बऽदऽकऽ’. असा शब्द त्यानं आयुष्यात कधी ऐकलेलाच नाही! कारण आपण बोलताना ‘बदक्’ म्हणतो, शेवटचा अ गिळतो. ‘करवत’ म्हणताना तर मधला पण गिळतो, कर्वत्. आपल्याला ते जाणवत नाही, मुलाला जाणवतं, आणि तो थांबतो कारण वाचलेलं आणि ओळखीचं जुळत नाही. त्याला सरळ सांगा की शेवटचं अक्षर गिळायचं आणि पटकन म्हणायचं. काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी शब्द घ्या, मगर, बदक, सरळ, गवत, नजर, आणि आधी सावकाश मग झपकन असं म्हणवून घ्या. चार-पाच दिवसांत हे बसतं. माझ्याकडे कितीतरी मुलांचं वाचन फक्त एवढ्यानं सुटलंय.

मग वेलांटी. पहिली वेलांटी लिहितो अक्षराच्या आधी आणि म्हणतो नंतर. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाचा डोळा डावीकडून उजवीकडे एकेक घेत जातो त्यामुळे ‘कविता’ चं तो ‘किवता’ करतो, कारण वेलांटीची रेघ क ला चिकटलेली दिसते. याला मी एकच गोष्ट सांगते, रेघ कुठे आहे ते बघू नकोस, टोपी कोणाच्या डोक्यावर आहे ते बघ. वेलांटी पहिली असो की दुसरी, तिची वळलेली टोपी ज्या अक्षरावर झुकते त्याचीच ती असते. पेन्सिलीनं टोपी आणि तिचं अक्षर मिळून एक गोल करायला सांगा, एका परिच्छेदात पाच-सहा वेळा केलं की डोळ्याला सवय लागते. आणि एकूणच आधी अक्षर पकड, मग त्याच्या वर, खाली, मागे, पुढे काय आहे ते बघ, ही सवय लावा.

आता जोडाक्षरं, ज्याच्यावर तो रडतो. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

सरावाला जोडाक्षरं दिली जातात ती बरेचदा पुष्प, स्वच्छ, वक्तृत्व, ज्ञानेंद्रिय अशी. पण तुम्ही मराठीचं कुठलंही एक पान घ्या आणि त्यातल्या सगळ्या जोडाक्षरांखाली रेघ मारा. तुम्हाला दिसेल की सगळ्यात जास्त गर्दी आहे ती य ची. च्या, त्या, ल्या, ण्या, झ्या, ड्या. घराच्या, माझ्या, त्याला, केल्यावर, करण्यासाठी, पाण्यात. कारण आपल्या भाषेत शब्दाला काही लागलं की तो शब्दच बदलतो, घोडा चं घोड्यावर होतं, रस्ता चं रस्त्यात, त्यामुळे वाक्यागणिक एक तरी य चं जोडाक्षर येतंच. त्याच्या खालोखाल म्ह, न्ह, ल्ह वाले, आम्ही, तुम्ही, म्हणून, उन्हाळा, कोल्हा. तर मुलगा अडतो तो ज्ञानेंद्रियावर कमी आणि ‘च्या’ वर जास्त, ‘च्या’ वर दर ओळीत अडतो म्हणून दमतो. ही आठ-नऊ जोडाक्षरं आधी घ्या आणि बाकीची सगळी बाजूला ठेवा, अर्धं पान मोकळं होतं.

आणि ती लिहून समजावू नका, आधी तोंडातून काढा. मी असं करते, विचारते, हा काय? घोडा. राजा कुठे बसला? मूल आपोआप म्हणतं घोड्यावर. बघ, डा चं काय झालं? ड्या झालं. आता लिहूया. मग रस्ता, रस्त्यात. पंखा, पंख्याखाली. दिवा, दिव्यामागे. त्याला हे बोलता येतंच आहे, तुम्ही फक्त बोलण्याला रूप देताय. तो स्वतःच सांगायला लागतो की आता ख्या येणार, आता व्या येणार. तुमचा मुलगा घरी मराठीच बोलतो ना, त्याचा खरा फायदा इथे आहे, नुसती अक्षरं गिरवून घेतली तर तो फायदा वाया जातो.

त्यानंतर दुहेरी अक्षरं, पक्का, कच्चा, पत्ता, सत्तर, गप्पा, कारण ती तोंडाला जाणवतात, जीभ थांबते. मग अर्धी अक्षरं कशी होतात ते दाखवा, उभी रेघ असलेल्यांची रेघ जाते, त, न, म, स, ग, च, आणि रेघ नसलेल्यांचा पाय मोडतो, ट, ड, द वगैरे. पुठ्ठ्यावर त, स, न मोठ्ठे लिहून कात्रीनं उभी रेघ खरंच कापून टाका, मुलांना ते फार आवडतं आणि विसरत नाहीत. क्ष आणि ज्ञ तुकड्यांसारखे दिसतच नाहीत, ते नवीन अक्षर म्हणूनच द्या. शाळेत हिंदी पण असेल तर तिकडे ज्ञ ला ग्य म्हणतात आणि आपण द्न्य, एवढं सांगून ठेवा नाहीतर गोंधळ होतो.

र सगळ्यात शेवटी, घाई नको. तो चार वेषांत येतो, चक्र मधला पायाशी, ट्रक मधला काकपदासारखा म्हणजे खाली ^ अशा खुणेचा, सूर्य मधला डोक्यावर आणि ‘दुसऱ्या’ या शब्दामधला आडवा. डोक्यावर बसलेला र आधी म्हणायचा, हे एकच वाक्य पक्कं करा. आणि दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे दोन शब्द शेजारी लिहून मोठ्यानं म्हणायला लावा, कानाला फरक कळला की डोळा लक्षात ठेवतो. तिसरीत नाही जमलं तरी चालेल हो, पाचवी-सहावीतली मुलं पण इथे चुकतात.

बसायचं कसं? पाऊण तास फार होतो. १५ मिनिटं, घड्याळ लावून, आणि घड्याळ वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. शाळेतून आल्या आल्या नको. त्याला शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजा, तेवढ्यात नाही आला तर तुम्हीच शब्द सांगून टाका आणि पुढे चला. ‘अरे हा शब्द कालच वाचलास ना’ हे वाक्य तर घरातून हद्दपार करा. कालचा शब्द आज विसरणं हा शिकण्याचाच भाग आहे, आणि त्या वाक्यानं मुलाला फक्त आपण बिनडोक आहोत एवढंच कळतं. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे कितीदा बोलले असेन, आजही त्या मुलांचे चेहरे आठवले की वाईट वाटतं.

एकच उतारा तीन-चार दिवस वाचा. पालकांना वाटतं रोज नवीन पाहिजे, पण सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की तोच छोटा उतारा पुन्हापुन्हा वाचल्यानं वेग आणि अचूकपणा येतो, आणि पुढच्या नव्या उताऱ्याची सुरुवात पण आधीपेक्षा बरी होते. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, तो ऐकेल, बोट मात्र त्याचं ओळीखाली फिरेल. दुसऱ्या दिवशी दोघं एकदम मोठ्यानं, तुमचा आवाज किंचित पुढे. तिसऱ्या दिवशी त्याला जमेल तिथे तुम्ही गप्प बसा. चौथ्या दिवशी तो एकटा, आणि त्या दिवशी आवाज रेकॉर्ड करा, आजीला पाठवा.

बोटावरून आठवलं. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली होती, घरचे म्हणाले वाचते छान पण पेपरात काहीच लिहीत नाही. तिनं धडा वाचून दाखवला, खणखणीत आवाजात, एक चूक नाही. माझी नजर सहज तिच्या बोटाकडे गेली तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ. सगळा धडा पाठ होता. मी त्याच धड्यातला एक शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला, ‘दगड’, साधा, काना नाही मात्रा नाही, आणि तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चार वर्षं ती असं निभावत होती बिचारी, कान इतका तयार की सगळं ऐकून पाठ. तिला वर्ष लागलं पण वाचायला लागली. म्हणून सांगते, तोच उतारा वाचताना मधेच एखादा शब्द झाकून, उलट्या क्रमानं, दुसऱ्या कागदावर, असं विचारत जा, म्हणजे पाठ की वाचन ते कळतं.

वाचायला काय द्यायचं? पाठ्यपुस्तक आहेच, पण सगळ्यात चांगलं साहित्य म्हणजे त्याचं स्वतःचं बोलणं. झोपायच्या आधी विचारा आज काय झालं, तो सांगेल, आणि ते जसंच्या तसं त्याच्याच शब्दांत वहीत मोठ्या अक्षरात लिहा. ‘आज माझा बूट भिजला आणि बाबांनी त्याच्यावर हेअर ड्रायर धरला.’ दुसऱ्या दिवशी तो हे वाचेल. ड्रायर मधला ड्र कोणी शिकवलेला नसताना वाचेल, कारण त्याला माहितीय पुढे काय येणार आहे. तो बोलतो तसंच लिहा, केलं, झालं, गेलं, त्याचं केले झाले करू नका, ते नंतर पुस्तकातून येईल. महिन्याभरात वही भरते आणि ते त्याचं स्वतःचं पुस्तक होतं. बाकी ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ वर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत आणि पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पातळी एक पासूनच सुरू करा, तिसरीत आहे म्हणून तीन घेऊ नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, ते आत्ता तुम्ही वाचून दाखवायला ठेवा, त्याला स्वतःला वाचायला एखाद-दोन वर्षांनी. वाचून दाखवणं मात्र बंद करू नका, तो वाचायला लागला तरी, कारण कानानं जी मराठी आत जाते तिच्याच जोरावर पुढचं वाचन चालणार आहे.

घरातल्या ग्रुपवर तुम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करता का? बहुतेक घरात तसंच चालतं. तेवढं बदला, देवनागरीत लिहा, रोज दोन ओळी त्याला उद्देशून. ‘कपाटाच्या मागे बघ’ असं लिहून खरंच काहीतरी लपवून ठेवा. ‘च्या’ चा सराव पण झाला.

शुद्धलेखन सध्या पूर्ण सोडून द्या. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम १९६२ चे आहेत, अजून बऱ्याच मोठ्या माणसांना येत नाहीत, त्याच्याकडून आत्ता अपेक्षा नको. वाचन आणि लेखन एकाच वेळी दुरुस्त करायला गेलं की दोन्ही बिघडतं. एकेक शब्द पाच-पाच वेळा लिहून घेणं, पाहुण्यांसमोर वाचायला लावणं, मावशीच्या मुलीशी तुलना, हे पण बंद.

आता ते शेवटचं सांगायचं राहिलेलं. आधी एकदा डोळे आणि कान तपासून घ्या, हे मी प्रत्येकालाच सांगते, चष्मा लागलेला असतो आणि आपण मुलाला रागावत बसतो असं मी अनेकदा बघितलंय. आणि असं नेटानं चार-सहा महिने करूनही साधी अक्षरं टिकत नसतील, इंग्रजीत पण स्पेलिंग अजिबात राहत नसतील, ओळी गळत असतील, फळ्यावरचं उतरवताना फार दमत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, साधारण आठ वर्षांच्या पुढे ती नीट होते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचा समावेश आहे आणि तशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाचं मला तसं वाटत नाही, इंग्रजी तो आवडीनं वाचतोय, पण मी त्याला समोर बघितलेलं नाही म्हणून लिहून ठेवलं.

आजींच्या पत्राचं असं करा. जुनं पत्र नीट ठेवून द्या, आत्ता त्यावरून परत बसवू नका. आजींना फोन करून सांगा की पुढचं पत्र चारच ओळींचं लिहा, जाड पेनानं, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून, अक्षरं एकमेकांत न गुंतवता, आणि शेवटी त्याला एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहितीय. जुन्या माणसांचं अक्षर वळणदार असतं, धावतं, ते तर आपल्याला पण दोनदा वाचावं लागतं, तर त्यावरून त्याला येत नाही असं ठरवू नका. उत्तर त्यानं चुकीच्या वेलांट्यांसकट लिहिलं तरी तसंच पाठवा.